‘तेवढं टायफॉईड टाका ना, ताई’

नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयात मी मेडिक्लेम डेस्क सांभाळते. पेशंट दाखल झाला की कार्ड घ्यायचं, प्री-ऑथ फॉर्म, म्हणजे उपचारांच्या खर्चाला आधीच मंजुरी मागणारा अर्ज, भरून टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला) पाठवायचा आणि मंजुरी येईपर्यंत नातेवाइकांना धीर द्यायचा, हे माझं काम.

त्या दिवशी सकाळी एक काका काचेसमोर आले. अंबडच्या एका कंपनीत फिटर. रात्रपाळीचा युनिफॉर्म अजून अंगावरच होता. २३ वर्षांच्या मुलीला पहाटे दाखल केलं होतं. ती सहा रात्री झोपली नव्हती, अखंड बोलत होती, आणि शेवटच्या रात्री सिडकोतल्या घरातून अनवाणी निघून पार पंचवटीपर्यंत चालत गेली होती. आमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी निदान लिहिलं होतं : बायपोलर आजार, मॅनिया.

काकांनी कार्ड सरकवलं आणि मागे कुणी उभं नाही ना हे बघून म्हणाले, ‘‘ताई, तेवढं टायफॉईड टाका ना. याला पैसे मिळत नाहीत. आणि पोरीचं लग्न व्हायचंय अजून.’’

मी म्हटलं, ‘‘काका, खोटं निदान टाकलं तर पॉलिसीच रद्द होऊ शकते. आणि खरं लिहूनही पैसे मिळतात. कायदा आहे.’’ त्यांचा विश्वास बसला नाही, हे दिसत होतं. फॉर्म मी डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानासकट पाठवला.

अकराच्या सुमारास उत्तर आलं. नामंजूर. मानसिक विकार पॉलिसीतून वगळलेले आहेत, म्हणे. पॉलिसी २०१४ मध्ये घेतलेली, दरवर्षी न चुकता नूतनीकरण केलेली. पण विमा कंपनीने बोट ठेवलं होतं ते पहिल्या वर्षीच्या छापील कलमावर.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. त्याच्या कलम २१ (४) मध्ये स्पष्ट म्हटलंय की, शारीरिक आजाराच्या उपचारांना ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजारासाठीही तरतूद करायची. विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलं. तरी टाळाटाळ चालूच राहिली. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असा नाकारलेला क्लेम कंपनीला द्यायला लावला. २०२२ मध्ये नियामकाला पुन्हा परिपत्रक काढून ३१ ऑक्टोबरची मुदत घालावी लागली. संसदेने केलेला कायदा पाळायला इतक्या वेळा का सांगावं लागतं, याचा मला मनापासून राग येतो.

मी हे सगळं मेलमध्ये लिहिलं. शेवटी विचारलं, ‘विमा कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, असा २०२४ पासून नियम आहे. ती मंजुरी कुठे आहे?’ अर्ध्या तासाने टीपीएतून एका मुलाचा फोन आला. ‘‘मॅडम, सिस्टीममध्ये तो क्लॉज अजून दिसतोय.’’ त्याचा आवाज अगदी तरुण होता, त्याला रागावून उपयोग नव्हता. ‘‘मग हेच मला लेखी पाठवा,’’ म्हटलं.

दुपारी काका-काकू बाकावर डबा उघडून बसले होते, पण भाकरी कुणी मोडली नव्हती. मी शेजारी जाऊन बसले. नाहीच म्हणाले तर विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज, महिनाभरात दाद लागली नाही तर पुण्याला विमा लोकपाल, तिथे फी लागत नाही, असं एकेक करून सांगितलं. एक गोष्ट मात्र लपवली नाही. घरी गेल्यावर दर महिन्याची गोळ्यांची चिठ्ठी, तपासणीची फी बहुतेक खिशातूनच जाणार. त्यांच्या पॉलिसीत ओपीडी, म्हणजे दाखल न होता घेतलेले उपचार, नव्हती, ना तापासाठी ना मनासाठी. समान आधार म्हणजे तेवढंच समान. पण या आजारांत वर्षानुवर्षं उपचार चालतात ते ओपीडीतच, त्यामुळे अशा घरांना ही समानता फार थोडी पुरते.

काकूंनी एवढंच विचारलं, ‘‘कागदावर तिच्या आजाराचं नाव राहील का?’’ मी हो म्हटलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘राहू द्या. बरी झाली पाहिजे.’’

पावणेपाचला मंजुरी आली. पहिल्या टप्प्यात ४०,००० रुपये, निदान : बायपोलर आजार. मी प्रिंट काढून काकांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, नीट घडी घालून खिशात ठेवली, तरी काचेपासून हलेनात.

‘‘ताई, मागच्या दिवाळीतही तिला इथेच ठेवलं होतं. नऊ दिवस. तेव्हा याच खिडकीवर विचारलं होतं. मानसिकला मिळत नाही म्हणाले. सोसायटीतून कर्ज काढून भरले मी.’’

तेव्हा या खुर्चीवर कोण होतं, हे त्यांना आठवत नव्हतं. मला आठवत होतं. मीच होते. फॉर्मही न भरता मी त्यांना कॅश काउंटरकडे पाठवलं होतं. त्या आधी आणखी किती जणांना पाठवलं असेल, याचा हिशोब माझ्याकडे नाही. मी त्यांना ते तिथेच सांगितलं आणि माफी मागितली. ते काही बोलले नाहीत.

‘‘बिलं आहेत का?’’ मी विचारलं.

‘‘आहेत सगळी.’’

त्या वेळच्या क्लेमची मुदत उलटून गेली होती. पण उशिराला सबळ कारण असेल तर केवळ उशीर झाला म्हणून क्लेम फेटाळू नये, असं नियामकाने २०११ मध्येच सांगून ठेवलंय. आणि कारण सांगणारी मी होते. रुग्णालयाने चुकीची माहिती दिली, असं लेखी द्यायला प्रशासन परवानगी देईल की नाही, हे मला माहीत नव्हतं.

‘‘उद्या घेऊन या,’’ म्हटलं. ‘‘डिस्चार्ज कार्डसुद्धा आणा. पत्र मी लिहिते.’’