एक्सपॅनच्या ४५ मिमी लेन्सचे काळवंडलेले कोपरे

हॅसलब्लाड एक्सपॅन या पॅनोरमा काढणाऱ्या फिल्म कॅमेऱ्याची फ्रेम २४×६५ मिमी. ४५ मिमी लेन्सवर कोपऱ्यात प्रकाश, कॉस-चतुर्थ नियमाच्या (किरण जितके तिरके, तितका प्रकाश कमी; कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने) हिशेबाने, साधारण सव्वा स्टॉपने घटतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) बारीक केलं की लेन्सच्या नळीमुळे येणारी काळोखी जाते. ही कोनामुळे आलेली घट मात्र तशीच राहते.

त्यावर इलाज सेंटर फिल्टर: मधे गडद, कडेला पारदर्शक. तो एक स्टॉप खातो. हातातल्या प्रकाशमापक मीटरने मोजत असाल तर एक्स्पोजरमध्ये तो स्टॉप आठवणीने वाढवा. कॅमेऱ्याचा मीटर लेन्समधूनच मोजतो, त्यामुळे तिथे वेगळं वाढवायला नको. अ‍ॅपर्चर एफ/८ किंवा त्याहून बारीक ठेवा, नाहीतर फिल्टरचा गडदपासून पारदर्शकपर्यंतचा उतार नीट जुळत नाही. त्यावर पोलरायझर (चकाकी कमी करणारा, आकाश गडद करणारा फिल्टर) चढवलात तर कोपरे कापले जाण्याची भीती, वर आकाशही पट्ट्यापट्ट्यांचं!

स्लाइड फिल्मला (जिच्यावर थेट पॉझिटिव्ह चित्र उमटतं) हा फिल्टर हवाच. निगेटिव्हला अर्धा-एक स्टॉप जास्त द्या, कोपरे प्रिंटिंगमध्ये सावरतात.