तक्त्यावरची खालची पायरी

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत आम्लाच्या बाटल्यांच्या कपाटाशेजारी प्राणिसृष्टीचा एक जुना तक्ता टांगलेला असे. तळाशी एकपेशीय प्राणी, त्यावर स्पंज, त्यावर जेलीफिश आणि मग चपटे कृमी, अशी ती शिडी होती. चपट्या कृमींना देहगुहा, म्हणजे आतडे आणि कातडी यांच्यामधली पोकळी, नाही, गुदद्वार नाही, रक्ताभिसरण नाही, म्हणून त्यांची पायरी गांडुळासारख्या वलयी प्राण्यांच्या खाली, एवढे आम्ही पाठ केले होते. नववीत असताना एका मुलाने विज्ञानाच्या सरांना विचारले, "सर, हा प्राणी मुळातच इतका साधा होता, की आधी सगळे असून नंतर त्याने ते गमावले?" प्रश्न माझा नव्हता, हे कबूल केले पाहिजे, मी तेव्हा लिव्हरफ्लूक या यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमीच्या आकृतीला नावे देण्यात गुंतलो होतो. सर थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "प्रौढ प्राण्याकडे पाहून ते कळायचे नाही. अंड्यातून तो कसा घडतो, ते पाहावे लागेल." सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहा, असे पत्र आले तेव्हा मला हेच उत्तर आठवले, कारण पुढे भ्रूणविज्ञानाचा अभ्यास करताना मी वर्षानुवर्षे त्याच्याच मागे होतो.

समुद्रात राहणाऱ्या पॉलिक्लॅड गटातील चपट्या कृमींत पीतक, म्हणजे भ्रूणाचे अन्न, अंड्यातच असते आणि विदलन, म्हणजे अंड्याचे पेशींत होणारे विभाजन, विलक्षण शिस्तीत होते. चार पेशींच्या आठ होताना वरच्या चार लहान पेशी खालच्या मोठ्या पेशींच्या बरोबर डोक्यावर न बसता तिरक्या सरकून दोन-दोन पेशींमधल्या खाचांत बसतात, आणि पुढच्या विभाजनात हा पीळ उलट दिशेने पडतो. हेच सर्पिल विदलन वलयी प्राण्यांत आणि गोगलगायींसारख्या मृदुकाय प्राण्यांतही दिसते. साम्य इतक्यावर थांबत नाही. '४-डी' या नावाने ओळखली जाणारी एकच पेशी या तिन्ही गटांत मध्यस्तराचा, म्हणजे स्नायू वगैरे घडवणाऱ्या भ्रूणाच्या मधल्या थराचा, मुख्य उगम असते. पॉलिक्लॅडमध्ये तिच्यापासून आतड्याचाही भाग बनतो. १८५० मध्ये योहानेस म्यूलर यांनी वर्णन केलेली, सूक्ष्म केसांसारखे रोमक असलेल्या आठ पाळ्यांची डिंभावस्था, म्हणजे प्रौढ होण्याआधीची अवस्था, याच कृमींची आहे. तक्त्याने ज्यांना वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसवले होते, ते अंड्यात असताना भावंडांसारखे वागतात. पुढे जनुकांच्या तुलनेनेही चपट्या कृमींना वलयी व मृदुकाय प्राण्यांच्याच मोठ्या कुळात नेऊन बसवले. त्यामुळे देहगुहा आणि गुदद्वार त्यांच्या पूर्वजांना असावे व नंतर लोपले असावे, ही शक्यता गांभीर्याने घ्यावी लागते. त्या मुलाचा प्रश्न आम्हाला वाटला तितका भाबडा नव्हता.

मात्र मला खरे वेड लावले ते गोड्या पाण्यातील प्लॅनेरिया या चपट्या कृमीने. पाण्यातील दगडाच्या खालच्या बाजूला चिकटलेला त्याचा अंड्यांचा कोश मोहरीच्या दाण्याएवढा असतो. घातल्यावर पिवळसर आणि काही काळाने गडद तपकिरी. सुईने तो पहिल्यांदा फोडला तेव्हा भिंगाखाली दुधी गढूळपणाशिवाय काहीच दिसेना आणि माझी तयारी बिघडली, असेच मला वाटले. वस्तुतः तो गढूळपणा म्हणजे हजारो स्वतंत्र पीतकपेशी होत्या आणि त्यांच्यात मोजकेच युग्मनज, म्हणजे फलित अंडी, हरवलेले होते. येथे पीतक अंड्याबाहेर गेल्यामुळे विदलनाची शिस्तच मोडते: विभाजनातून झालेल्या पेशी एकमेकींना सोडून पीतकात विखुरतात. जुन्या जर्मन अभ्यासकांनी याला 'विदलनपेशींची अराजकता' म्हटले, आणि मला ते नाव अजूनही चपखल वाटते. या अराजकातून प्रथम काय घडावे? एक तात्पुरती ग्रसनी. मेंदू नाही, डोळे नाहीत, पण घसा आहे, आणि तो भोवतालच्या पीतकपेशी एकामागून एक गिळत राहतो. भ्रूण चेंडूसारखा फुगला की हा घसा नष्ट होतो आणि कायमची ग्रसनी नव्याने घडते.

विकासाच्या आरंभीच्या अवस्था उत्क्रांतीत सहसा बदलत नाहीत, असे मी परीक्षेत ठामपणे लिहिले होते आणि त्याला गुणही मिळाले होते. प्लॅनेरिया आणि पॉलिक्लॅड प्रौढपणी एकाच साच्यातले दिसतात. तरी त्यांचे आरंभ इतके निराळे आहेत, की माझे ते उत्तर आज मी स्वतःच कापले असते.

एसील नावाच्या इवल्याशा समुद्री कृमींची गोष्ट याच्या उलट. बाहेरून चपटे कृमीच; पण त्यांच्या विदलनात लहान पेशी चारच्या नव्हे, दोनच्या संचाने सुटतात. १९९९ मध्ये रायबोसोमच्या जनुकाच्या तुलनेवरून त्यांना चपट्या कृमींच्या संघाबाहेर काढण्यात आले. त्यांना द्विपार्श्व, म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी असलेल्या, प्राण्यांच्या मुळाशी ठेवावे की अन्यत्र, यावर अजून वाद चालू आहे.

मनोगतासोबत मी प्रयोगशाळेसाठी एक काचपट्टी पाठवत आहे. तिच्यावर प्लॅनेरियाचा पीतक गिळून फुगलेला भ्रूण आहे. तात्पुरती ग्रसनी एका कडेला, गडद ठिपक्यासारखी दिसते. आधी कमी शक्तीच्या भिंगाखाली ठेवावी, नाहीतर ती सापडत नाही.