बेक्वे ते टोबॅगो केज : मार्ग आखून झाला, आता दोरांची मोजणी

बडोद्यात बसून कॅरिबियनचा मार्ग आखायला घेतला की आधी भरतीची सवय मोडावी लागते. कावी-कंबोईचं स्तंभेश्वर भरतीत बुडतं आणि ओहोटीत उघडं पडतं, हे इथल्या बहुतेकांनी पाहिलेलं आहे. खंभातच्या आखातात उधाणाला पाणी १० मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. बेक्वे आणि टोबॅगो केज ज्यात येतात त्या ग्रेनाडीन्स बेटांमध्ये हाच फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा. त्यामुळे भरती-ओहोटीच्या वेळा पाहत बसावं लागत नाही हे खरं, पण बोट प्रवाळावर चढली तर पुढची भरती येऊन तिला उचलेल, अशी आशाही तिथे धरता येत नाही. म्हणून या टप्प्याचं वेळापत्रक उन्हाच्या हिशोबाने बांधलंय.

ॲडमिरल्टी बेमधून निघून बेक्वेच्या नैर्ऋत्य टोकाला वळसा, मग कॅनवान बेटाच्या पश्चिमेने दक्षिणेला, शेवटी मायरो बेटाच्या उत्तरेकडून बलीन रॉक्स या खडकांजवळून टोबॅगो केजच्या आत. एकूण २५ सागरी मैलांच्या आसपास. ४० फुटी भाड्याच्या कॅटमरानला (दोन हलची, म्हणजे जोड-सांगाड्याची शिडाची बोट) सरासरी साडेसहा नॉट (तासाला सागरी मैल) धरले तर चार तास. आत शिरताना बोटीचं तोंड पूर्व-आग्नेयेला असतं. सकाळी लवकर पोचलं तर ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि पाण्यावर नुसती चकाकी दिसते. ११:३० ते २ या वेळात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हाच रंग नीट वाचता येतात: गडद निळं म्हणजे खोल, फिरोजी म्हणजे वाळूवरचं उथळ पाणी, तपकिरी दिसलं की प्रवाळ. म्हणून नांगर ७:३०ला उचलायचा. पोलराइज्ड चष्म्याचा माणूस पुढे उभा हवाच. ढग आला तर थांबायचं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कोनावर, आणि तो जायलाच हवा होता. बेक्वेच्या टोकापासून कॅनवानपर्यंत १६ मैल, खरी दिशा साधारण १९० अंश. प्रवाह पश्चिमेला ओढतो. तो १ नॉट आणि बोट ७ नॉट धरली तर डावीकडे ८ अंश. वारा पूर्वेचा, बोट बाजूला घसरते, त्याचे आणखी ४. उरले १७८. होकायंत्राचा फरक (खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला) तिथे सुमारे १५ अंश पश्चिम, तो मिळवायचा : १९३. आपल्याकडे हा फरक अंशाच्या आतबाहेर असल्याने तो मोजायची सवयच नसते. तिथे तो विसरला तर १६ मैलांत बोट ४ मैल पूर्वेला जाते. चार्टप्लॉटर (बोटीवरचा नकाशाचा पडदा) हे आपोआप करतो, तरी हाताने काढलेला आकडा समोर लिहून ठेवावा. प्लॉटरवरचा आकडा खरा की चुंबकीय, हे त्यावरूनच लगेच पडताळता येतं.

बोयांचे (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचे) रंगही उलटे. भारतात बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे ठेवतात, तिथे उजवीकडे.

आता शिडाचं. एका हलची बोट जास्त वाऱ्यात कलते आणि चालवणाऱ्याला इशारा मिळतो. कॅटमरान कलत नाही. ताण गुपचूप डोलकाठीवर आणि तिच्या तारांवर जातो. म्हणून रीफ (शीड थोडं उतरवून लहान करणं) वाऱ्याच्या आकड्यावर घ्यायची, अंदाजावर सोडायची नाही. बोटीच्या पुस्तिकेतला तक्ता आधी पाहावा. तो नसेल तर पहिली रीफ १८-२० नॉटला, दुसरी २३-२५ला, तीही झोताचा वेग धरून. डिसेंबर-जानेवारीत व्यापारी वारे जोरात असतात आणि दोन बेटांमधल्या मोकळ्या पट्ट्यात ते आणखी वाढतात. बेक्वेच्या आडोशातून बाहेर पडण्याआधीच रीफ घ्यावी. बोट वाऱ्याकडे वळवून मेनशीट (मोठ्या शिडाचा कोन धरणारा दोर) सैल, मग हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) खुणेपर्यंत खाली, शिडाची पुढची कडी अडकवून हॅलयार्ड पुन्हा ताठ, आणि शेवटी शिडाचा मागचा दोर. मागचा दोर आधी ओढला तर शीड सरकपट्टीत अडकतं आणि शिवणीवर फाटू शकतं.

गच्चीवर सध्या ब्रायडलची (नांगराची ओढ बोटीच्या दोन्ही पुढच्या टोकांवर वाटणाऱ्या दोन दोरांची) मोजणी चालू आहे. दोन खांबांत ६ मीटर अंतर ठेवलंय, साधारण बोटीच्या दोन पुढच्या टोकांमधल्या अंतराइतकं. दोरही ६-६ मीटरचे घेतले की मधला कोन ६० अंश होतो आणि प्रत्येकावर एकूण ओढीच्या ५८ टक्के ताण येतो. दोर साडेतीन मीटरचे केले तर कोन १२० अंशांच्या जवळ जातो आणि प्रत्येक दोरावर जवळजवळ पूर्ण ओढ येते. मूरिंग बोयाला (बोट बांधून ठेवायच्या तरंगत्या बोयाला) बांधतानाही हेच: प्रत्येक टोकावरून वेगळा दोर, बोयाच्या कडीतून ओवून परत त्याच टोकाच्या क्लीटवर (दोर अडकवायच्या खुंटीवर). एकच दोर एका टोकावरून ओवून दुसऱ्या टोकाला बांधला, तर बोट डुलताना तो कडीत पुढे-मागे घासून झिजतो. घासण्याच्या जागी जुन्या पाण्याच्या पाइपाचा तुकडा चढवून पाहतोय. पाइपाचा आतला व्यास १२ मिमीच्या दोराला सैल पडतो, त्यामुळे त्याची दोन्ही टोकं बारीक दोरीने आवळावी लागतील.