परसातला डेक आणि पंधरा फुटांवरचा विस्तव

१२ ऑक्टोबर

पाऊस गेला. म्हणजे गेला असं म्हणायचं, कारण काल संध्याकाळीच पुन्हा तासभर झोडपून गेला. अलिबागच्या दक्षिणेला, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आमचं परस. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि उरलेले आठ महिने खारट दमट हवा. अशा जागी लाकडी डेक करणं हाच मुळात थोडा वेडेपणा, त्यात त्याच्या जोडीला शेकोटीची कुंडी. पण डिसेंबर-जानेवारीत पोपटीला, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा खायला, पाहुणे येतात, त्यांना बसायला ऐसपैस जागा आणि शेकायला विस्तव हवा, हा हट्ट माझाच. त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

डेक १४ बाय १२ फुटांचा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात गोठ्याचं छप्पर गेलं, त्याचे ऐनाचे वासे तेव्हापासून पडवीत पडून होते. तेच खाली वापरले, वर सागाच्या फळ्या. खांब मातीत पुरलेले नाहीत. जुन्या घराचे खांब जसे तळखड्यांवर उभे आहेत तसेच हेही जांभ्याच्या तळखड्यांवर, म्हणजे खांबाखालच्या दगडांवर, उभे केले. मातीत पुरलेला खांब आमच्याकडे वाळवीला दिलेलं आमंत्रण असतं. स्क्रू ३१६ ग्रेडचे स्टेनलेस. ३०४ स्वस्त पडतात, पण त्यांत गंज रोखणारं मॉलिब्डेनम नसतं आणि खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत चहाचे डाग पडल्यासारखे दिसायला लागतात. दोन फळ्यांमध्ये ६ मिलिमीटरची फट ठेवली, पावसात फळी फुगते म्हणून. या फटीने पुढे वेगळाच उद्योग लावला.

२० ऑक्टोबर

कुंडी कुठे करायची?

माझ्या डोक्यात होतं ते चित्र म्हणजे डेकच्या मधोमध गोल कुंडी आणि भोवती खुर्च्या. आईने कागद बघितला आणि एवढंच म्हणाली, "तुझे आजोबा पेंढ्याची उडवीसुद्धा घरापासून लांब रचायचे. तू फळ्यांच्या पोटात चूल घालतोयस." मी तिला उष्णतारोधक चटई, लोखंडी पाय वगैरे समजावून सांगितलं. ती शेंगा निवडत राहिली.

मग हिशेब करायला बसलो. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या आदर्श संहितेत उघड्यावरची शेकोटी इमारतीपासून २५ फूट लांब ठेवायला सांगितलं आहे, आणि उचलून ठेवायच्या शेगडीला १५ फूट. आमच्या परसात डेकपासून २५ फूट म्हणजे थेट शेजारच्या विहिरीचा काठ. आपल्याकडे परसातल्या शेकोटीला कोणी टेप लावून बघत नाही, पण लाकूड इथेही तेवढ्याच तापमानाला पेटतं. साधारण अडीचशे-तीनशे अंशांना. त्याच्या बऱ्याच खालच्या तापमानाला रोज तापत राहिलं तरी ते आतून काळं पडत जातं, आणि मग कमी उष्णतेलाही पेटायला तयार होतं. ही गोष्ट दिसत नाही म्हणून जास्त वाईट.

शेवटी डेकच्या कडेपासून १५ फूट ठरले, घरापासून त्याहून बरेच जास्त. जाळाची आच अंतराच्या वर्गाने कमी होते, म्हणजे ५ फुटांवर जेवढी लागते तिच्या नवव्या हिश्शाएवढीच १५ फुटांवर. मधल्या पट्ट्यात जांभ्याची फरसबंदी आणि कुंडीभोवती अर्धगोल दगडी ओटा. शेकायचं त्याने ओट्यावर बसावं, गप्पा मारायच्या त्याने डेकवर.

ज्यांनी सागाऐवजी डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्या, टाकलंय त्यांच्यासाठी एक वाक्य. त्यात निम्म्याच्या आसपास प्लास्टिक असतं, आणि पॉलिथिलीन १०५ ते १३० अंशांच्या दरम्यान वितळतं. ते पेटायच्या आधीच ढासळतं. ओळखीच्या एकाच्या गच्चीवर शेगडीचे तीन पाय त्यात बोटभर रुतलेले मी बघितलेत, खाली फरशीचा तुकडा ठेवलेला असूनही.

२ नोव्हेंबर

गवंडीकाका आले. येण्याआधी मी एक शहाणपणा करून ठेवला होता. दीड फूट खड्डा खणून तळाला शोभेसाठी ओढ्यातले गुळगुळीत गोटे मांडले आणि जरा पेटवून बघितलं. पंधरा मिनिटांनी फट्ट करून आवाज आला आणि बत्ताशाएवढी कपची माझ्या चपलेशेजारून गेली. चार महिने पाण्यात राहिलेल्या गोट्याच्या आत ओल असते. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटींहून जास्त जागा लागते, आणि गोट्यात वाट कुठे असते?

काका गोटे बघून हसले. "ओला गोटा तापवला का बोलतो, दादा. आधी सांगायचं होतं."

जांभा सच्छिद्र असला तरी तोही पाणी धरून ठेवतो, म्हणून तो विस्तवाला लागू द्यायचा नाही असं ठरलं. आतलं कडं अग्निविटांचं. वीट ९ बाय साडेचार बाय ३ इंचांची, आतला व्यास ३० इंच. विटा उभ्या लावल्या तर एका थराला २१ बसतात, दोन थरांना ४२. तुटफूट धरून ४६ आणल्या, तीन खरंच फुटल्या. सांध्यांना उष्णता सोसणारा माल. साधा सिमेंट-वाळूचा माल इथे चालत नाही, तापून तापून त्याचा भुगा होतो. बाहेरून चिऱ्याचं (जांभ्याच्या घडीव दगडाचं) कडं, आणि दोन्हींच्या मध्ये एक इंच मोकळी जागा, कारण तापलेल्या विटा फुगतात आणि मोकळी जागा नसली तर चिऱ्यांना ढकलतात. काका ही जागा भरून टाकायच्या बेतात होते, दोनदा थांबवावं लागलं.

तळाला फरशी नाही. आठ इंच खडी, तिच्यात दोन इंची पाइप, त्याचा उतार माडाच्या आळ्याकडे. दमट मुलखात कुंडीचा पहिला शत्रू पाणीच. पाणी साचलं की त्यात डास, आणि राख राहिली असेल तर राखेचं खार पाणी, जे लोखंड खातं. माडाला मात्र राख चालते.

९ नोव्हेंबर

आज हात थरथरले, आणि कुंडीत अजून विस्तवही नव्हता.

फळ्यांना जवसाच्या उकळलेल्या तेलाचा हात दिला. काम संपल्यावर सुती फडक्यांचा बोळा पडवीतल्या बादलीत टाकून जेवायला गेलो. दोन तासांनी पडवीत करपट तेलाचा वास. बोळा उचलला तर तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा गरम, आत हात ठेववेना. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. फळीवर ती पसरून जाते, बोळ्यात कोंडते. असे बोळे आपोआप पेटतात. पडवीत त्या बादलीला लागून सोडणांची, म्हणजे नारळाच्या वाळक्या सालांची, रास होती.

आता फडकी एकेक करून दोरीवर, उन्हात नव्हे सावलीत, आणि कडक झाली की पाण्याच्या डब्यात. पंधरा फुटांचा हिशेब करणारा माणूस घराला चिकटून बोळा ठेवतो, हे इथे लिहून ठेवतो. शिवाय कच्चं जवसाचं तेल आपल्या हवेत बुरशीला आवडतं, ते वापरू नका.

३० नोव्हेंबर

सरपण. ओलावा मोजायचं दोन सुयांचं यंत्र आणलं. जळणात वीस टक्क्यांच्या वर ओल असेल तर नुसता धूर. आणि दमट हवेची गंमत अशी, की हवेत ८० टक्के आर्द्रता असेल तर उघड्यावरचं लाकूड सोळाच्या खाली वाळतच नाही, ९० टक्क्यांना वीसच्या आसपास अडतं. म्हणून पावसाळ्यात फोडलेलं लाकूड पावसाळ्यात जाळायचंच नाही. सुरूच्या झाडाची ढलपी गेल्या फेब्रुवारीत फोडून पत्र्याखाली रचलेली, ती पंधरा दाखवते. सुरू आणि बाभूळ उत्तम. करवंट्या पेटवायला छान, पण भराभर भडकतात. चुडतं (माडाच्या वाळक्या झावळ्या) नकोच, त्यांच्या ठिणग्या उडत डेकपर्यंत जातात. कण्हेर विषारी, काजूच्या टरफलांचा धूर डोळे-घसा जाळतो. आणि किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड कितीही देखणं दिसलं तरी त्यात मीठ असतं, त्याचा धूर घातक आणि कुंडीवरच्या जाळीला गंज.

१४ डिसेंबर

पहिला विस्तव. आधी तीन संध्याकाळ मूठमूठ काटक्यांचा छोटा जाळ केला, विटांमधली ओल हळूहळू निघावी म्हणून. आज पूर्ण.

सात वाजता पेटवलं आणि सगळा धूर डेकवर. खारे वारे अजून चालू होते, पश्चिमेकडून. आई डोळे पुसत आत गेली. साडेआठला वारा पडला, नऊच्या पुढे मतलई वारे सुरू झाले आणि धूर समुद्राकडे वळला. कुंडी डेकच्या पश्चिमेला ठेवली ती याच हिशेबाने, फक्त पेटवायची वेळ चुकली. आता जेवणं आधी.

दोन तासांनी तापमान मोजायची बंदूक लावली. आतली वीट यंत्राच्या मापापलीकडे, बाहेरचा चिरा ५८, डेकची कड २७, हवा २३. समाधान झालं.

मग वाकून डेकखाली बॅटरी मारली आणि समाधान गेलं. फटींतून पडलेला पातेरा, म्हणजे पालापाचोळा, वीतभर साठला होता, वरून ओला आणि खालून कोरडा. एखादी ठिणगी त्या ६ मिलिमीटरच्या फटीतून गेली तर वर बसलेल्याला कळणारसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी चार घमेली पातेरा काढला. डेकच्या कडेने खालून बारीक जाळी लावली, एक बाजू काढता येईल अशी. दर रविवारी झाडू. कुंडीशेजारी वाळूची बादली आणि पाण्याचा पाइप कायम.

कुंडीवरच्या ठिणगी-जाळीसाठी दुकानदाराने जस्ताची जाळी दिली होती, परत केली. जस्त ४२० अंशांना वितळतं, त्याची वाफ पोटात जायला नको.

राख दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुंडीतच, मग झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. सकाळी गार वाटलेल्या राखेत काडी खुपसली तर खाली लाल निखारा होता.

११ जानेवारी

पोपटी झाली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, ओवा, मीठ, वरून पुन्हा पाला. मडकं उपडं ठेवलं आणि तेव्हा लक्षात आलं, की पोपटीला चारी बाजूंनी पेंढा आणि काटक्यांचा भडका लागतो. तीस इंचांच्या कुंडीत मडकं बसतं, भडका बसत नाही. वर जाळीही ठेवता येत नाही. पेंढ्याच्या ठिणग्या तर उडणारच.

मडकं उचललं आणि कापणी झालेल्या मोकळ्या शेतात नेलं, आजोबा लावायचे त्याच कोपऱ्यात. अर्ध्या तासात शेंगा तयार. खायला मात्र सगळे कुंडीभोवतीच्या ओट्यावर आले, सुरूच्या निखाऱ्यांशी पाय पसरून. आईने सोललेला वाल तोंडात टाकला आणि विचारलं, "मग हे बांधलंस ते कशाला?"

बाकी राहिलेली कामं: ३१६ ची जाळी वेल्डिंगला टाकायची. जूनच्या आधी पत्र्याचं टोपण, खालून हवा खेळेल असं. पाइपच्या तोंडाला जाळी, कारण त्यात एक बेडूक राहायला आलाय.