लाइव्ह अल्बम, हप्ता ५: साउंडवाल्याची माफी

मंडळी, आमच्या मैफलीच्या लाइव्ह अल्बममधल्या गिटारच्या ट्रॅकची खरखर कुठून येते ते सापडलं. तीन आठवडे मी हॉलच्या साउंडवाल्याला शिव्या घालत होतो, आणि त्या बिचाऱ्याचा काडीचा संबंध नव्हता.

चौथ्या गाण्यापासून ती चोरपावलांनी सुरू होते आणि नवव्यात पोचेपर्यंत कुणीतरी पत्रा बडवतंय असं वाटतं, हे मागे लिहिलंच होतं. कोडं एवढंच की आमच्या एच-६ रेकॉर्डरचा मीटर उणे ८ डीबीच्या (शून्य ही मर्यादा) वर एकदाही गेलेला नाही. मग क्लिप होतंय, म्हणजे सिग्नल मर्यादेला धडकून कापला जातोय, तो कुठे? मिक्सरच्या गेनवर (सिग्नल किती वाढवायचा ते बटण) संशय घेतला, डीआय बॉक्सवर (गिटार मिक्सरला जोडणारा डबा) घेतला, पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या केबलवर तर फारच घेतला. ती वाकवून, पिळून, झटकून पाहिली. निर्दोष. (तरी तिची कनेक्टर काढून न्यूट्रिक कंपनीची लावलीच. एकदा सवय झाली की दुसरं हाताला लागत नाही.)

रविवारी रात्री रीपर या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) पार ताणून मोठा केला आणि दिसलं. शेंडे छाटलेले! चौथ्या गाण्यात उणे ८ ला, सहाव्यात ९ ला, नवव्यात साडेदहाला. गेनला कुणी हात लावला नाही, तरी छत गाण्यागणिक खाली येतंय. असं खाली काय येतं? व्होल्टेज.

लगेच गिटार वाजवत गाणाऱ्या आमच्या गायिकेला फोन केला. "गिटारमधला सेल कधी बदललास?"

"त्यात सेल असतो?"

दुसऱ्या दिवशी मल्टीमीटर घेऊन गेलो. नऊ व्होल्टचा सेल, काटा ५.१ वर. गिटारच्या आतल्या प्रीअँपला (सिग्नल वाढवणारं सर्किट) जेवढं व्होल्टेज मिळतं त्याच्यापलीकडे त्याचा सिग्नल जाऊच शकत नाही, म्हणजे जोरात स्ट्रम केलं की शेंडा तिथेच कापला जाणार. रेकॉर्डरपर्यंत माल आला तो छाटूनच, मीटर बिचारा काय दाखवणार? त्यात अशा गिटारमध्ये जॅक हाच स्विच असतो, तो घातला की सेल खर्च व्हायला लागतो, आणि बाईसाहेब घरीसुद्धा जॅक खुपसूनच ठेवतात.

आता दुरुस्ती. आरएक्स या सॉफ्टवेअरमधल्या डी-क्लिपला (छाटलेले शेंडे पुन्हा भरणारं साधन) उंबरठा, म्हणजे कुठल्या पातळीपासून छाटलेलं समजायचं ते, दर गाण्याला वेगळा द्यावा लागला, पण सहाव्यापर्यंत काम झालं. सहाव्याचा शेवटचा अंतरा आता इतका गोड वाजतोय की मी तो विनाकारण चारदा ऐकला. सात, आठ, नऊ मात्र हाताबाहेर. तिथे एवढं छाटलं गेलंय की डी-क्लिप मनाचंच काहीतरी भरतो आणि गिटार प्लॅस्टिकची होते. प्रेक्षकांकडचे दोन माइकही कुचकामी, कारण हॉलच्या स्पीकरमधून तीच फाटकी गिटार येत होती.

राहिला गाण्याचा, म्हणजे व्होकलचा, एसएम-५८ माइक. गेले चार हप्ते त्यात गिटार घुसते म्हणून मी रडतोय ना? तोच एकटा असा, ज्याने प्रीअँपशिवाय नुसतं लाकूड ऐकलं! गिटारपासून अंतर साधारण ५५ सेंटिमीटर, म्हणजे आवाजाला तिथे पोचायला १.६ मिलिसेकंद, ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल) ७७ सॅम्पल. गिटारचा थेट ट्रॅक तेवढा उशिराकडे सरकवला, २५० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं (खरखर तिथेच राहते), खालचा भरीवपणा तेवढा घेतला. वरचं सगळं ५८ चं. फेज (दोन्ही ट्रॅकच्या लहरी) जुळली त्या क्षणी खोलीत गिटार उभी राहिली.

अमेरिकन गायिका अनी डिफ्रँकोच्या १९९७ च्या 'लिव्हिंग इन क्लिप' या लाइव्ह अल्बमचं नावच अँप सतत क्लिपमध्ये असण्यावरून पडलं. पण तिच्याकडे १९९५-९६ च्या दौऱ्यांमधल्या कित्येक मैफली होत्या निवडायला, शिवाय बफेलोतली स्वतःची रेकॉर्ड कंपनी. आमच्याकडे एक संध्याकाळ.

शेवटच्या तीन गाण्यांची गिटार घरी पुन्हा वाजवून चिकटवायची, असं मागच्या हप्त्यात ठरवलं होतं. हे लिहितालिहिताच ते रद्द करतोय. ती तिन्ही जवळजवळ मोनोच, म्हणजे दोन्ही कानांना सारखीच, ठेवू, जवळून गुणगुणल्यासारखी. आणि अनीच्या अल्बममध्ये गाण्यांमधल्या गप्पांचेही स्वतंत्र ट्रॅक आहेत, तसं आपणही का करू नये? आठव्या गाण्याच्या आधी आमची गायिका म्हणते, "आज गिटारचा घसा बसलाय बहुतेक," आणि लोक हसतात. ते मी पहिल्याच आठवड्यात कापून टाकलं होतं. आत्ता परत जोडलं.