रोम, तारखा आणि बाबा

रोममध्ये आमचं हॉटेल 'वीस सप्टेंबर' नावाच्या रस्त्यालगत होतं. व्हिया व्हेंती सेत्तेंब्रे. बाबा इतिहासाचे निवृत्त मास्तर. पाटी वाचून दाखवताच त्यांचा प्रश्न तयार, "साल कुठलं?"

१८७०. त्या दिवशी इटलीच्या सैन्याने याच रस्त्याच्या टोकाला, पोर्ता पिया वेशीजवळ, तोफा लावून तटाला खिंडार पाडलं आणि पोपची रोमवरची राजवट संपली. बाबांनी वहीत नोंद केली. कोलोसियम राहिलं बाजूला, त्या दिवसापासून आम्ही तारखा शोधत हिंडलो.

लार्गो आर्जेंतीना चौकात बसमधून उतरलो तर बाबा म्हणाले, "अगं, सीझरला मारलं ते फोरममध्ये ना?" नाही! फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात, त्याला अग्नी दिला. तिथे लोक अजून फुलं वाहतात. इसवी सनापूर्वी ४४ सालच्या १५ मार्चला तो पडला तो इथे. फोरममधल्या सभागृहाचं काम चालू असल्यामुळे सिनेट पाँपेने बांधलेल्या सभागृहात भरली होती. तेवीस वार झाले. आता चार देवळांचे अवशेष रस्त्याच्या खूप खाली उघडे पडलेत आणि गोल देवळाच्या मागच्या अंगाला त्या सभागृहाच्या पायाचे तपकिरी दगड दिसतात. पाटी वाचली नाही तर पडकी भिंत म्हणून कुणीही पुढे जाईल. आम्ही गेलो तेव्हा तिथे एक बोका अंग चाटत बसला होता. या अवशेषांत मांजरांची वसाहतच आहे, आणि खरं सांगायचं तर निम्मे पर्यटक त्यांचेच फोटो काढत होते.

तिथून पाच मिनिटांवर व्हिया काएतानी. अगदी अरुंद बोळ. ९ मे १९७८ ला इथे उभ्या असलेल्या लाल रेनॉच्या डिकीत माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचा मृतदेह सापडला. रेड ब्रिगेड्स या अतिडाव्या दहशतवादी गटाने त्यांना पंचावन्न दिवस ओलीस ठेवलं होतं. त्यांच्या ख्रिस्ती लोकशाही पक्षाचं कार्यालय आणि कम्युनिस्टांचं कार्यालय, दोन्ही इथून हाकेच्या अंतरावर. बाबांना ही बातमी पेपरात वाचलेली आठवत होती. भिंतीवरच्या फलकापुढे ते चप्पल काढून उभे राहिले. मी काही बोलले नाही.

त्या बोळातून खाली उतरलं की ज्यूंची जुनी वस्ती लागते, घेट्टो. पोपने १५५५ साली ज्यूंना इथे कोंडलं आणि बरोबरीचे हक्क मिळाले ते थेट १८७० नंतर. म्हणजे आमच्या हॉटेलच्या रस्त्याची तारीख इथेही येऊन पोचली. पण गोष्ट तिथे संपत नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये रोम ताब्यात घेतलेल्या जर्मनांनी ज्यूंकडे छत्तीस तासांत पन्नास किलो सोनं मागितलं. लोकांनी अंगठ्या, साखळ्या आणून दिल्या, काही ख्रिश्चन शेजाऱ्यांनीही दिल्या. सोनं पुरं झालं. तरी १६ ऑक्टोबरला, शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, शब्बाथच्या पहाटे पावसात घरोघर धरपकड झाली. हजाराहून जास्त माणसं आउशविट्झच्या मृत्यूछावणीत गेली, परत आली फक्त सोळा. त्यात बाई एकच.

फुटपाथच्या काळ्या दगडांत जागोजागी पितळी चौकोन बसवलेत, तळहातात मावतील एवढे. 'इथे राहत होते', मग नाव, जन्मसाल, अटकेची तारीख. एका दारापुढे असे कितीतरी एकत्र, आणि शेवटच्या चौकोनावरचं जन्मसाल १९४३. बाबांनी वही उघडली आणि काही न लिहिता मिटली. शेजारच्या हॉटेलात तळलेल्या आर्टिचोकचा घमघमाट सुटला होता. भूक लागली होती, आम्ही खाल्लेही. मस्त होते.

संध्याकाळी फाब्रिचिओ पुलावर गेलो. इसवी सनापूर्वी ६२ सालचा हा पूल अजून पायी वापरात आहे. खाली टायबरचं मातकट पाणी.

"आपले यशवंत घाडगे याच नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले," बाबा म्हणाले. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक, रायगड जिल्ह्यातले. रोम ४ जून १९४४ ला सुटलं, लढाई उत्तरेकडे सरकली. १० जुलैला त्यांच्या तुकडीतले जवळपास सगळे पडल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच त्यांना गोळी लागली. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

"पाणी कुठून येतंय गं?"

मी बोट दाखवलं. बाबा त्या बाजूच्या कठड्याला गेले आणि दिवे लागेपर्यंत तिथेच उभे राहिले.