पिझोमीटर क्र. ४ : खुलासा करावा

आमच्या खासगी खाणीच्या टेलिंग्ज बंधाऱ्याची उंची तीन मीटरने वाढवायची परवानगी काढायला मला अकरा महिने लागले. त्यातले साडेसात एका ओळीने खाल्ले.

बाकीचं सुरळीत झालं. सर्वेक्षण, डिझाइन, बंधारा फुटलाच तर गाळ कुठवर जाईल याचा नकाशा, खालच्या वस्त्यांसाठी आपत्कालीन आराखडा, सगळं पहिल्या फेरीत पार. मग परवानगी देणाऱ्या कार्यालयाकडून फाइल परत आली. वर चिठ्ठी : ‘पिझोमीटर क्र. ४ : खुलासा करावा.’

कसला खुलासा, ते नाही.

धातू काढून घेतल्यावर उरलेला दळलेला दगड पाण्यासकट मातीच्या बंधाऱ्यामागे सोडतात, त्याला टेलिंग्ज म्हणतात. हा बंधारा एकदा बांधून संपत नाही; खाण चालते तोवर टप्प्याटप्प्याने चढत राहतो. त्याच्या पोटात पाणी किती वर आलंय ते बाहेरून दिसत नाही, म्हणून पिझोमीटर. आमच्याकडचा अगदी साधा : उभी पुरलेली नळी, तळाशी छिद्रं. वरून डिप मीटरची टेप सोडायची, पाण्याला टेकली की ती वाजते, पाणी किती मीटर खोल लागलं तो आकडा लिहायचा.

मी डिप मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट पाठवलं. पाच आठवड्यांनी तीच चिठ्ठी. नळी बसवतानाचा बोअर लॉग, म्हणजे खोदताना कुठल्या खोलीवर काय लागलं त्याची नोंद, जोडला, सोबत तीन पानी पत्र. सात आठवड्यांनी पुन्हा तीच, या वेळी ‘खुलासा’खाली रेघ. फोन केला की ‘साहेब साइटवर आहेत’. मालक खासगी असला की या लोकांना वाटतं आपण काहीतरी दडवतोय, आणि ते आपणच येऊन कबूल करावं म्हणून वाट बघत बसतात, असं मी त्या दिवसांत भेटेल त्याला ऐकवत होते.

शेवटी जाऊन बसले. अडीच तासांनी आत बोलावलं. साहेबांनी वाचनांचा तक्ता उघडला, क्र. ४च्या रकान्यावर पेन्सिल टेकवली आणि सावकाश खाली नेली. ९.८५, ९.८५, ९.८५. चौदा महिने.

“मॅडम, मधे पाऊस पडला होता ना?”

शेजारच्या रकान्यांत क्र. ३ आणि क्र. ५ पावसाबरोबर वरखाली झाले होते. प्रत्येक पानाखाली सही माझी.

नळीची खोली ९.९० मीटर. म्हणजे टेप पाण्याला नाही, तळाच्या ओल्या चिखलाला टेकून वाजत होती. हे पहिल्याच चिठ्ठीत लिहायला किती शाई लागली असती, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. अजून विचारावासा वाटतो.

साइटवर आल्या आल्या नळी तोंडापर्यंत पाण्याने भरली. आमच्या वाळूसारख्या टेलिंग्जमध्ये पातळी काही तासांत उतरायला हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी जवळपास तिथंच. छिद्रं बारीक गाळाने बुजली होती. ही चाचणी वर्षातून एकदा प्रत्येक नळीची करा; बादली, टेप आणि घड्याळ एवढंच लागतं. आणि फाइल देण्याआधी आकड्यांचा आलेख काढा. तक्त्यात न दिसलेली सरळ रेघ आलेखात लगेच दिसते.

नवी नळी बसवायची तर बोअर मारायला हवा, आणि बोअरची परवानगी ही वेगळी फाइल. इथे मात्र मी कुरकुरले नाही. २५ जानेवारी २०१९ला ब्राझीलमध्ये ब्रुमाडीन्योचा टेलिंग्ज बंधारा फुटून २७० माणसं गेली, तेव्हा त्याच्यावर बोअरचं काम चालू होतं. काही महिन्यांपूर्वीच तो स्थिर असल्याचं प्रमाणपत्रही मिळालेलं होतं. भिजलेल्या, सैल टेलिंग्जमध्ये दाबाने पाणी सोडत ड्रिलिंग करणं धोक्याचं. आम्ही पाण्याशिवाय ड्रिल करणारं यंत्र मागवलं आणि काम चालू असताना शेजारच्या दोन्ही नळ्या दर तासाला वाचल्या.

नव्या नळीत पाणी लागलं ७.३० मीटरवर. जवळजवळ अडीच मीटर वर! उताराचं गणित पुन्हा केलं, तर आम्ही अहवालात मिरवलेला १.५चा सुरक्षा गुणक (उतार धरून ठेवणारा जोर भागिले घसरवणारा जोर) १.४च्याही खाली. त्या रात्री झोप लागली नाही.

मग पायथ्याशी दगडाचा टेका, आणि गाळ सोडायच्या तोट्या अशा हलवल्या की साचलेलं पाणी माथ्यापासून लांब सरकलं. तीनऐवजी दोन मीटरची परवानगी मिळेल असं कळलं. मालकांचं तोंड पडलं. मी मान डोलावली.

मधे एक सांगायचं राहिलं. २०२०च्या जागतिक मानकानुसार बंधाऱ्याला एक जबाबदार डिझाइन इंजिनिअर नेमलेला असतो, तसा आमच्याकडेही आहे. त्याच्या हे लक्षात का आलं नाही? आम्ही त्याला दर तिमाहीची सरासरी पाठवत होतो. ९.८५ची सरासरी ९.८५. कच्ची वाचनं पाठवा, तारखेनिशी, सोबत पावसाचा रकाना. आणि कार्यालयाकडून एका ओळीची त्रुटी आली तर पत्रापत्री करत बसू नका, दुसऱ्याच दिवशी समोर जाऊन उभे राहा. माझे त्यात तीन महिने गेले.

परवानगीपत्र आलं, दोन मीटरचं. अटी एकोणीस. अठरावी : ‘पिझोमीटर क्र. ४ (जुना) सिमेंट ग्राउट भरून बंद केला काय, याचा खुलासा करावा.’

या वेळी अर्धं पान आणि दोन फोटो, त्याच दिवशी, हातोहात.